शिसपेन्सिलने प्रोसेसर अनलॉक करायचा तर – जुन्या ड्युरॉन आणि थंडरबर्डसाठी अगदी सुरुवातीपासून

ओव्हरक्लॉकिंग (कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर प्रोसेसर चालवणं) शिकायचंय पण महागाच्या नव्या प्रोसेसरवर प्रयोग करायला जीव धजावत नाही असं असेल तर माझा सल्ला ऐका, एखादा जुना सॉकेट ए (बोर्डावर चिप बसते त्या खोबणीचा प्रकार) वाला एएमडी ड्युरॉन शोधा किंवा त्याचा मोठा भाऊ थंडरबर्ड ॲथलॉन. दोन्ही जून २००० मध्ये बाजारात आले. यांची खासियत म्हणजे यांचं लॉक चक्क डोळ्यांनी दिसतं, चिपच्या वरच्या अंगाला चार बारीक रेषा तुटलेल्या असतात आणि त्या शिसपेन्सिलने जोडल्या की मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा आकडा, गणित खाली येतंय) मोकळा. आता सगळं बायोसच्या (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या) मेनूत असतं त्यामुळे लॉक म्हणजे नक्की काय हे बघायलाच मिळत नाही, इथे ते नखाएवढ्या जागेत समोर असतं आणि एकदा ते समजलं की पुढे कुठलाही प्रोसेसर घ्या, आपण काय बदलतोय हे कळून बदलता.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पेन्सिलचं काम दहा मिनिटांत झालं आणि मशीन स्टेबल व्हायला तीन रविवार गेले. त्यामुळे खाली पेन्सिलपेक्षा बोर्ड, पॉवर सप्लाय, कूलर आणि टेस्टिंग यावर जास्त लिहिलंय, चिपा मरतात त्या तिथेच मरतात.

आधी गणित

प्रोसेसरचा स्पीड म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार. एक बसचा क्लॉक म्हणजे एफएसबी, दुसरा मल्टिप्लायर. ड्युरॉन ६५० म्हणजे १०० गुणिले ६.५. (डबल डेटा रेट असल्यामुळे खोक्यावर २०० लिहायचे, पण बायोसमध्ये १०० च दिसतो, गोंधळू नका.) आता मल्टिप्लायर लॉक असेल तर स्पीड वाढवायला एकच रस्ता उरतो, एफएसबी वाढवायचा. आणि त्या काळच्या बोर्डांवर एफएसबी एकटा वाढत नाही, पीसीआय बस (कार्डं वगैरे जोडलेली असतात ती वाट) त्याच्याच मागे बांधलेली असते. १०० ला तीनने भागून ३३ मेगाहर्ट्झ पीसीआय मिळतो, एफएसबी ११२ केला तर पीसीआय ३७ च्या वर गेला, आणि हार्डडिस्कचा कंट्रोलर त्याच पीसीआयवर असल्यामुळे विंडोजच्या फायली हळूहळू खराब व्हायला लागतात, तुम्हाला वाटतं प्रोसेसर झेपत नाहीये आणि प्रोसेसर बिचारा ठणठणीत असतो. त्यातून व्हीआयएचा पहिला केटी१३३ चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिपा) असलेले बोर्ड तर ११० च्या आसपासच दम टाकायचे. म्हणून मल्टिप्लायर हवा. १०० ला हात न लावता ६.५ चे ९ केले की ९०० मेगाहर्ट्झ, बाकी सगळं मशीन आपल्या मूळ स्पीडलाच.

कंपन्यांनी लॉक का घातलं? एक मोठं कारण म्हणजे बाजारात स्वस्त चिपवर खोटा छाप मारून महाग म्हणून विकणारे लोक होते. इंटेलने १९९८ च्या सुमारास मल्टिप्लायर बंद करून टाकला, तो आतूनच, उघडायची सोय नाही. एएमडीने मात्र बाहेर ब्रिज ठेवले.

हे ब्रिज काय आहेत

चिप हातात घेतली की मधोमध चकचकीत काळपट चौकोन दिसतो, ती डाय, म्हणजे खरा प्रोसेसर तेवढाच. तिच्या भोवती सिरॅमिकच्या पृष्ठभागावर सोनेरी ठिपक्यांच्या जोड्यांचे गट असतात आणि प्रत्येक गटाशेजारी बारीक अक्षरात एल१, एल३, एल४, एल६, एल७ असं छापलेलं असतं. नवीन माणसाचा इथे हमखास घोळ होतो, हा एल१ म्हणजे एल१ कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) नव्हे, ही नुसती ब्रिजच्या गटाची नावं आहेत.

एल३, एल४, एल६ या गटांत चिपचा मूळ मल्टिप्लायर ठरलेला असतो, एल७ मध्ये मूळ व्होल्टेज. आणि एल१ चे चार ब्रिज ही वाट आहे, मदरबोर्डने जो मल्टिप्लायर मागितला तो चिपपर्यंत पोचवणारी. चार वाटा म्हणजे चार बिट, चार बिटचे सोळा पर्याय, म्हणून मल्टिप्लायर ५ पासून १२.५ पर्यंत अर्ध्या अर्ध्याने. मोजून बघा, बरोब्बर सोळा होतात. सुरुवातीच्या काही चिपांमध्ये एल१ जोडलेलेच यायचे, त्यामुळे त्या जन्मतःच अनलॉक होत्या, मग एएमडीने फॅक्टरीत लेझरने ते कापायला सुरुवात केली. आपण करणार ते एवढंच की कापलेली वाट परत जोडायची. चिपच्या आत काहीही बदलत नाही.

म्हणून पहिलं काम, भिंग घ्या (मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा पण चालतो) आणि एल१ नीट बघा. दोन ठिपक्यांमधली रेघ सलग असेल तर तुमची चिप आधीच उघडी आहे, पेन्सिल ठेवून द्या. मधे जळल्यासारखी बारीक फट दिसली तर कापलेली.

चिप ओळखायची कशी

डायवर किंवा तिच्या शेजारी नंबर असतो, तो वाचता आला पाहिजे. ड्युरॉनचा नंबर डी ने सुरू होतो, थंडरबर्डचा ए ने, मग मेगाहर्ट्झ, मग चार-पाच अक्षरं-आकडे. समजा डी६५०एयूटी१बी असं आहे. ६५० नंतरचा ए म्हणजे सिरॅमिक पॅकेज. यू म्हणजे मूळ व्होल्टेज १.६, तिथे एस असेल तर १.५, पी असेल तर १.७, एम असेल तर १.७५. टी म्हणजे डाय ९० अंशापर्यंत चालेल असं कंपनी म्हणते, एस असेल तर ९५. १ म्हणजे ६४ केबी एल२ कॅश (थंडरबर्डला इथे ३ असतो, २५६ केबी). शेवटचा बी म्हणजे १०० चा बस, सी म्हणजे १३३ चा. हा नंबर वहीत लिहून ठेवा, मूळ व्होल्टेज किती हे नंतर पाच वेळा लागतं.

थंडरबर्डमध्ये आणखी एका ओळीत स्टेपिंगचा (चिपेच्या आवृत्तीचा) कोड असतो, त्यात एएक्सआयए अशी चार अक्षरं दिसली तर चिप जपून ठेवा, १ गिगाहर्ट्झच्या त्या चिपा खूप वर जातात म्हणून त्या काळी लोक दुकानात उभं राहून कोड वाचून घ्यायचे.

शिकायला मी ड्युरॉनच सुचवतो. कमी तापतो, ६०० नाहीतर ६५० वाला घेतला तर वर जायला भरपूर जागा असते, आणि गेला तर थंडरबर्डइतकं वाईट वाटत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना माल ठेवणारे किंवा पुण्यात जुना बाजार, तिथे अख्खा कॅबिनेट मिळाला तर बघा, बोर्डासकट मिळाला तर निम्मं काम झालं. सुटी चिप घेताना डायचे चारही कोपरे बघा, आणि खालच्या पिना एका रांगेत आहेत का ते तिरपं धरून बघा.

बोर्ड आणि पॉवर सप्लाय – इथे घाई नको

चिप अनलॉक झाली तरी मल्टिप्लायर बदलायची सोय बोर्डात पाहिजे. काही बोर्डांत ती बायोसमध्ये असते, एबिट केटी७ मध्ये सॉफ्टमेनू नावाचं अख्खं पान आहे, असूस ए७व्ही मध्ये डिप स्विच (बोर्डावरची बारीक बटणं) असतात, आणि बऱ्याच साध्या बोर्डांत, खासकरून ब्रँडेड मशीनमधल्या, काहीच नसतं. बोर्डाचं मॅन्युअल शोधून त्यात मल्टिप्लायरचं टेबल आहे का ते आधी बघा. नसेल तर पेन्सिल लावून उपयोग शून्य. केटी१३३ए चा बोर्ड मिळाला तर सर्वात छान, त्यात १३३ चा एफएसबी पण मिळतो आणि तिथे पीसीआय चारने भागला जातो म्हणून परत ३३ वरच येतो.

आता कपॅसिटर. त्या सुमाराच्या, साधारण १९९९ ते २००३ मधल्या असंख्य बोर्डांवर खराब कपॅसिटर लागले होते, सॉकेटच्या शेजारच्या उभ्या डब्यांची डोकी फुगलीत का, वरून किंवा बुडातून तपकिरी काही पाझरलंय का ते बघा. एक जरी फुगलेला दिसला तरी आधी ते सगळे बदलून घ्या, टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कुणीही चांगला माणूस करून देतो, फक्त त्याला कमी ईएसआरचे (म्हणजे आतला रोध कमी असलेले), १०५ अंशवालेच लाव म्हणून सांगा. फुगलेल्या कपॅसिटरवर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे चिपला ढवळलेलं व्होल्टेज पाजणं आहे.

आणि पॉवर सप्लाय, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती म्हणून जोर देऊन सांगतोय. हल्लीचे सप्लाय सगळी ताकद १२ व्होल्टवर देतात. सॉकेट ए चे हे जुने बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून घेतात. १.४ गिगाहर्ट्झचा थंडरबर्ड ७२ वॅटपर्यंत खातो, ते ५ व्होल्टवरून घ्यायचं म्हणजे नुसत्या प्रोसेसरला चौदा अँपिअरच्या वर गेले, वर कन्व्हर्ट होताना जाणारी वीज वेगळी. तेव्हा ५०० वॅटचा नवा सप्लाय आणला आणि त्याच्या ५ व्होल्टला १५ अँपिअरच असले तर तो कमी पडणार, आणि त्या काळचा ३०० वॅटचा, ५ व्होल्टला ३० अँपिअर लिहिलेला चांगला सप्लाय व्यवस्थित चालेल. बाजूच्या स्टिकरवरचा ५ व्होल्टचा रकाना वाचा, २५ च्या वर असला तर घ्या.

पेन्सिल

लागणारं सामान: मऊ शिसाची पेन्सिल (२बी चालते, अप्सराची डार्क वाली पण चालते) किंवा ०.५ ची क्लचपेन्सिल मऊ लीड घालून, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, भिंग, चांगला उजेड, असेल तर मल्टिमीटर. जाड टोकाच्या पेन्सिलने करू नका, ठिपके फार जवळजवळ आहेत.

१. मशीन बंद, भिंतीवरचं बटण बंद, वायर काढा, दोन मिनिटं थांबा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, थंडीत कोरड्या हवेत तर नक्कीच, आणि नायलॉनचे कपडे किंवा गालिचा टाळा.

२. कूलर काढा, सॉकेटची दांडी वर करून चिप उचला. जुनी पेस्ट अल्कोहोलने साफ करा. एल१ चा भाग वेगळ्या काडीने परत पुसा, बोटांचा तेलकटपणा असला तर ग्राफाइट धरत नाही. पाच मिनिटं वाळू द्या.

३. चिप पिनांवर ठेवून दाबायची नाही. काळ्या अँटीस्टॅटिक फोममध्ये पिना रोवून ठेवा, मग वरून दाब द्यायला भीती नाही.

४. मल्टिमीटर असेल तर आधीच आकडे घेऊन ठेवा, प्रत्येक जोडीतल्या दोन ठिपक्यांमध्ये किती दाखवतो, आणि शेजारशेजारच्या दोन ब्रिजमध्ये किती दाखवतो. लिहून ठेवा. ही सवय मला फार उपयोगी पडली.

५. आता एका जोडीच्या एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढा, त्याच रेघेवर दहा-पंधरा वेळा पुढेमागे. जोर लावायचा नाही, ग्राफाइटचा चकाकणारा थर दिसला पाहिजे. दोन्ही ठिपक्यांवर पेन्सिल चढली पाहिजे, नुसती मधली फट भरून चालत नाही. असे चार. प्रत्येक ब्रिजनंतर पेन्सिलची पूड फुंकणीने उडवा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा कण पडतो.

६. भिंगाने बघा. चार वेगळ्या रेघा, मधे स्वच्छ सिरॅमिक. दोन रेघा एकमेकींना कुठेही चिकटल्या असतील तर ते ठीक करत बसू नका, अल्कोहोलने सगळं पुसा आणि पहिल्यापासून. मी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातच समाधानी होतो.

७. परत मल्टिमीटर. जोडीतला आकडा एकदम खाली आला पाहिजे, शेजारच्या ब्रिजांमधला आकडा मघाचाच राहिला पाहिजे. शेजारचा बदलला म्हणजे कुठेतरी पूड पडलीये.

दुसऱ्या कुठल्याही गटाला, विशेषतः एल७ ला, चुकूनही पेन्सिल लावू नका. तिथे व्होल्टेज ठरतं.

पेन्सिल कायमची नसते, चिप दोनचारदा काढ-घाल केली किंवा पेस्टचं तेल ओघळून तिथवर आलं की रेघ विरते आणि एक दिवस मशीन आपोआप मूळ मल्टिप्लायरवर चालू होतं. कायमचं हवं असेल तर चांदीचा कंडक्टिव्ह पेंट येतो, कारच्या मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या रेषा जोडायला वापरतात तोच. तो टाचणीच्या टोकाने लावायचा. पण पहिल्यांदा पेन्सिलनेच करा, पुसता येते.

कूलर बसवताना

मला विचाराल तर अख्ख्या कामातली सगळ्यात धोक्याची पायरी हीच. या चिपांवर धातूचं झाकण नाही, डाय उघडी आहे आणि ती काचेसारखी तडकते. कूलरची क्लिप सॉकेटच्या प्लास्टिकच्या कानाला अडकवायची असते आणि ती भयंकर कडक असते, कूलर तिरका टेकला की सगळा भार डायच्या एका कोपऱ्यावर. माझ्या एका ६०० च्या ड्युरॉनचा कोपरा असाच उडाला, चिप त्यानंतर चालूच झाली नाही आणि मला ते अजून लागून आहे.

चिपच्या चार कोपऱ्यांवर गोल मऊ पॅड असतात ते चारही आहेत का बघा, नसतील तर त्या जाडीचे फोमचे तुकडे चिकटवा. डायवर पेस्टचा अगदी पातळ थर. कूलरच्या बुडाला एका बाजूला पायरी कापलेली असते, ती बाजू सॉकेटच्या उंचवट्यावर, जिथे सॉकेटचं नाव छापलेलं असतं त्या अंगाला आली पाहिजे. उलटा बसवला तर कूलर डायला टेकतच नाही, आणि थंडरबर्ड बिनाकूलरचा चालू केला तर काही सेकंदांत जळतो, कारण तापलं म्हणून स्वतःला बंद करायची सोय या चिपेत नाही. कूलर सपाट ठेवा, एका हाताने मधोमध सरळ खाली धरा, आधी जिथे स्क्रूड्रायव्हर लागत नाही ती बाजू अडकवा, मग दुसरी. स्क्रूड्रायव्हर निसटून बोर्डावर आपटला तर ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) कापला जातो म्हणून खाली जाड पुठ्ठा घाला. पंख्याची वायर लावली का हे दोनदा बघा.

चालू करायचं

पहिल्यांदा सगळं मूळ सेटिंगवर. ६.५, १००, मूळ व्होल्टेज. लगेच बायोसमधल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर जा, पंखा फिरतोय का, तापमान किती. एक लक्षात ठेवा की हे तापमान चिपच्या आतलं नसतं, सॉकेटच्या मधे खालून एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) टेकवलेला असतो त्याचं असतं, ते खऱ्यापेक्षा कमी आणि उशिरा दाखवतं. म्हणून कागदावर ९० असले तरी बायोसमधला आकडा मी ५५-६० च्या वर जाऊ देत नाही.

मग अनलॉक झालं का ते तपासायला मल्टिप्लायर वाढवू नका, कमी करा. ६.५ चा ६ करा आणि रीस्टार्ट. स्क्रीनवर ६०० आला म्हणजे काम फत्ते, आणि यात चिपला कसलाच ताण नाही. ६५० च राहिला तर ब्रिज नीट जुळले नाहीत किंवा बोर्डाचा जंपर ऑटोवर आहे. भलताच आकडा आला, समजा ५००, तर चारातला एखादा ब्रिज लागलेला नाही किंवा दोन चिकटलेत, परत भिंग काढा.

इथून वर. ७, मग ७.५, मग ८. एकावेळी अर्धाच. प्रत्येक पायरीला विंडोज उघडून पंधरा-वीस मिनिटं लोड द्या, सुपरपाय (पायचे अंक काढणारा प्रोग्राम) चालवा, आकडा बरोबर आला तर पुढे. व्होल्टेजला अजून हात नाही. जिथे पहिल्यांदा हँग झालं किंवा विंडोज उघडता उघडता निळा पडदा आला तिथे थांबा, आता व्होल्टेज ०.०५ ने वाढवा आणि परत तीच पायरी. १.६ वाल्या ड्युरॉनला १.७ हवेवरच्या कूलरला झेपतात, १.७५ पर्यंत मी जातो, त्यापुढे चांगला तांब्याचा कूलर असल्याशिवाय नको. हे बोर्ड १.८५ च्या वर तसेही देत नाहीत.

तापमान का उसळतं त्याचा हिशोब सोपा आहे. उष्णता स्पीडच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ६५० चे ९०० म्हणजे १.३८ पट, १.६ चे १.७५ म्हणजे वर्ग करून जवळजवळ १.२ पट, दोन्ही मिळून १.६६ पट. एवढ्याशा डायमधून दीडपटीच्या वर उष्णता काढायचीये. म्हणून व्होल्टेज हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका, वायर काढून सीमॉस क्लिअरचा (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर फिरवा. अवॉर्ड बायोसच्या काही बोर्डांवर चालू करताना इन्सर्ट दाबून ठेवलं तरी सेटिंग मूळ पदावर येतं, आधी ते करून बघा.

केटी१३३ए वाल्यांसाठी खास

अनलॉक चिपेचा खरा आनंद इथे आहे. मल्टिप्लायर एकदम खाली ५ वर आणा आणि एफएसबी १३३ करा. १३३ गुणिले ५ म्हणजे ६६५, प्रोसेसर जवळपास मूळ स्पीडलाच, पण बस आणि रॅम तीस टक्क्यांनी वर. या अवस्थेत जे काही बिघडेल ते रॅमचं किंवा बोर्डाचं, प्रोसेसरचं नाही. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, त्या काळचं, सीडीवरून बूट होणारं व्हर्जन, एकही एरर नको. ते पास झालं की एफएसबी तसाच ठेवून मल्टिप्लायर वर, ५.५, ६, ६.५, ७. सातला ९३३ मेगाहर्ट्झ. हाच स्पीड १०० ला ९.५ लावून पण जवळपास मिळतो पण १३३ वाला कामात सरस ठरतो कारण रॅमपासून येणारा डेटाच वेगाने येतो. आधी बस वेगळी तपासायची, मग कोर वेगळा, दोन्ही एकदम वाढवले की बिघाड कुणाचा हे शोधण्यात आठवडा जातो.

शेवटची टेस्ट प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) ची टॉर्चर टेस्ट, जुनंच व्हर्जन घ्या कारण या चिपांना एसएसई२ (नंतरच्या प्रोसेसरांत आलेल्या सूचनांचा संच) येत नाही. माझ्यासाठी बारा तास एरर नाही म्हणजे पास. आणि आपल्याकडे एक टेस्ट उन्हाळ्यात परत करा. जानेवारीत पुण्यात रात्री केलेलं ९५० मे महिन्याच्या दुपारी हँग होतं, खोलीच दहा-पंधरा अंशांनी वर गेलेली असते. मी शेवटी जी पायरी पास झाली त्याच्या अर्धा खाली ठेवतो आणि विसरून जातो.

पेन्सिल कुठे चालत नाही

ऑक्टोबर २००१ मध्ये ॲथलॉन एक्सपी आला, पॅलोमिनो. त्याचं पॅकेज सिरॅमिक नाही, तपकिरी किंवा हिरवट सर्किट बोर्डासारखं आहे. त्यात एल१ चे पाच ब्रिज आहेत आणि लेझरने रेघ कापताना खोल खड्डा पाडलाय, खड्ड्याच्या तळाला तांब्याचा ग्राउंडचा थर उघडा आहे. पेन्सिल लावली की ब्रिज ग्राउंडला शॉर्ट. तिथे आधी आजूबाजूला टेप लावून खड्डे सुपरग्लूने भरायचे, वाळल्यावर वरचा भाग हलक्या हाताने खरवडून सपाट करायचा, ठिपके उघडे करायचे आणि मग वरून कंडक्टिव्ह पेंटच्या रेघा. पहिल्याच चिपवर हे करू नका. २००३ च्या शेवटच्या महिन्यांपासूनचे एक्सपी तर आणखी पक्के लॉक केलेले आहेत, तिथे एल१ चा उपयोग नाही.

१९९९ च्या स्लॉट ए ॲथलॉनला ब्रिजच नाहीत, काळा डबा उघडून आतल्या बोर्डाच्या वरच्या कडेवर एक छोटं कार्ड खोचायचं, त्याला गोल्डफिंगर म्हणायचे. सेलेरॉन ३००ए ला लोक अनलॉक म्हणतात पण त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर बंदच होता, एफएसबी ६६ चा १०० केला की ४५० व्हायचा एवढंच. आणि फेनॉम २ एक्स२ मध्ये जे अनलॉक करायचे ते मल्टिप्लायर नव्हे, बंद केलेले दोन कोर, बायोसमधल्या एसीसी सेटिंगने, ते लागले तर लागले.

आजच्या मशीनवर यातलं काहीच लागत नाही. इंटेलमध्ये २०११ पासून ज्या नंबरच्या शेवटी के आहे तो मोकळा, वर झेड सिरीजचा चिपसेट लागतो. रायझनमध्ये २०१७ पासून जवळपास सगळे डेस्कटॉप मोकळे (५८००एक्स३डी सारखा अपवाद सोडून), फक्त बोर्ड ए३२० सारखा खालचा नको. गणित मात्र तेच, बस १०० आणि मल्टिप्लायर ४५ म्हणजे साडेचार गिगाहर्ट्झ.

अजून एक, चिप पुढे कुणाला द्यायची झाली तर एल१ अल्कोहोलने स्वच्छ पुसून मूळ स्पीडला चालवून दाखवा, किंवा रेघा ठेवूनच द्यायची असेल तर एका कागदावर मूळ व्होल्टेज, तुम्ही दिलेलं व्होल्टेज आणि कुठल्या आकड्याला किती तास टेस्ट केली ते लिहून चिपसोबत त्याच फोममध्ये खोचा.